आपल्या वॉर्डाला उत्तर कोण देणार?

आज 11 मार्च. काळ्या घोड्यापाशी महाराज सयाजीरावांच्या पुतळ्याला हार चढतील, शाळांत आणि मराठी संस्थांत भाषणे होतील. सक्तीचे शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, आजव्याचे पाणी, कमाटीबाग, बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती, या साऱ्याचा उच्चार होईल आणि तो व्हायलाच हवा. यंदाच्या जयंतीला आणखी एक निमित्त जोडून आले आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये निवडून आलेल्या बडोदे महापालिकेच्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत याच दिवसांत पुरी होत आहे. 19 वॉर्ड, दर वॉर्डात 4, असे 76 नगरसेवक आपण निवडले होते. आता पुढचे सभागृह निवडायचे आहे. अशा वेळी महाराजांच्या गुणगानाबरोबर एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. चांगल्या राज्यकर्त्यांचा वारसा या शहराला भरपूर लाभला; चांगले प्रतिनिधी घडवण्याचे काम आपण किती केले?

महाराजांना स्वतःला हा प्रश्न परका नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या या राजाने कारभार शिकून घेतला आणि मग रयतेलाही तो शिकवायला निघाला. 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, त्याच दशकात ग्रामपंचायतींना कायद्याचा आधार मिळाला, स्थानिक मंडळांत निवडून आलेले सभासद बसू लागले आणि 1908 मध्ये धारासभा सुरू झाली. ब्रिटिश मुलखात अजून मोर्ले-मिंटो सुधारणाही आल्या नव्हत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते. तरीही ते पाऊल अर्धेच होते, हे आदर राखूनच म्हटले पाहिजे. धारासभेचे अधिकार सल्ल्यापुरते होते, सरकारी आणि नेमलेल्या सभासदांचा वरचष्मा होता आणि शेवटचा शब्द महाराजांचा होता. महाराजांचा शब्द बहुतेक वेळा शहाणपणाचा निघाला, त्यामुळे प्रजेला तो खटकला नाही. यातूनच बडोद्याला एक सवय लागली. अडचण आली की अर्ज घेऊन वर जायचे आणि वरचा माणूस दयाळू निघावा अशी आशा करायची.

ती सवय संस्थान गेल्यावरही गेली नाही. 1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, पुढे 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला. अर्ज मात्र वरच जात राहिले. आधी हुजुरांकडे, मग कलेक्टरांकडे, आता कमिशनर साहेबांकडे आणि गांधीनगरला. वॉर्डातून निवडून गेलेला माणूस या वाटेवर अर्ज पुढे सरकवणारा दूत होऊन बसला.

खंडेराव मार्केटच्या इमारतीत हे रोज दिसते. महाराजांच्या कारभाराला पंचवीस वर्षे झाली त्या सुमारास बांधलेली ही देखणी वास्तू आज महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. मागच्या बाजूला भाजीचा आणि फुलांचा बाजार भरतो, पुढच्या जिन्यावरून नागरिक वर चढतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वेराबिलाच्या झेरॉक्स, जुन्या अर्जाची पोच आणि नगरसेवकाच्या लेटरहेडवरची दोन ओळींची शिफारस. विषय साधा असतो. ड्रेनेज तुंबले आहे, पिवळे पाणी येते आहे, सोसायटीसमोरचा खड्डा दिवाळीपासून तसाच आहे. या खात्यातून त्या खात्यात, तिथून पुन्हा झोन ऑफिसला. त्या माणसाला हे काम कुठल्या टेबलावर अडले हे कळत नाही, आणि ज्याच्या लेटरहेडवर तो विसंबला आहे त्या नगरसेवकालाही पुष्कळदा कळत नाही.

याचे कारण नगरसेवकाच्या आळसात शोधणे सोपे आहे. खरे कारण कायद्यात आहे. आपली महापालिका चालते ती 1949 च्या प्रांतिक महापालिका कायद्यावर. हा कायदा मुंबई इलाख्यात झाला, गुजरातने त्याला पुढे आपले नाव दिले. या कायद्यात कारभाराची सत्ता आयुक्ताकडे आहे आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. पैशाची आणि कंत्राटांची चावी 12 सभासदांच्या स्थायी समितीकडे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि पाहुण्यांचे स्वागत करतो. खात्याला हुकूम देण्याचा अधिकार त्याला जवळजवळ नाही. म्हणजे 76 जणांतल्या बाराजणांना थोडीफार सत्ता आहे, बाकीच्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि नागरिकाला या दोन्हींपैकी काही नाही. गेल्या पाच वर्षांत केयूर रोकडिया, नीलेश राठोड आणि पिंकीबेन सोनी असे तीन महापौर झाले. आयुक्तही बदलत राहिले. शहराच्या रस्त्यांवरचा, नाल्यांवरचा, तळ्यांवरचा निर्णय ज्याच्या नावावर पाच वर्षे राहील असा एकही माणूस या रचनेत नाही.

वॉर्डाची घडणही उत्तरदायित्व पातळ करणारी आहे. 2011 च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या पुढे होती. ती 19 वॉर्डांत वाटली तर एका वॉर्डात पाऊण लाखाहून अधिक माणसे येतात. त्यानंतर 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही गावे हद्दीत आली. कालपर्यंत भायलीच्या माणसाला सरपंचाचे घर ठाऊक होते, ग्रामसभेत उभे राहून तो भांडू शकत होता. शहरात आल्यावर त्याच्या वाट्याला चार नगरसेवक आले आणि ग्रामसभा गेली. चारही जण पूर्ण वॉर्डाचे, म्हणजे कुठलीही गल्ली एकाची नाही. एकाकडे गेले तर दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याकडे गेले तर "तो भाग तिकडचे बेन पाहतात". चारांतल्या दोन जागा स्त्रियांच्या, ही गोष्ट मात्र मोठ्या आनंदाची आहे. 76 पैकी 38 स्त्रिया सभागृहात बसतात, हे देशाच्या संसदेला अजून साधलेले नाही. मागासवर्गीयांसाठी 27 टक्के जागा राखण्याचा कायदाही राज्याने 2023 मध्ये केला. सभागृहात कोण बसते याची दारे रुंद झाली. बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

आता मतदारांकडे वळू. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत सत्यजितसिंह गायकवाड बडोद्यातून 17 मतांनी निवडून आले. दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात याहून अधिक मतदार असतात. 2014 मध्ये याच मतदारसंघाने नरेंद्र मोदींना 5 लाख 70 हजारांवर मताधिक्य दिले आणि त्यांनी वाराणसी राखून ही जागा सोडली. 2024 मध्ये हेमांग जोशी 5 लाख 82 हजारांच्या फरकाने जिंकले. 17 पासून पावणेसहा लाखांपर्यंतच्या या प्रवासात मतदाराच्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे, की निकाल आधीच ठरलेला असतो. महापालिकेतही 2015 मध्ये भाजपच्या 58 आणि काँग्रेसच्या 14 जागा होत्या. 2021 मध्ये त्या 69 आणि 7 झाल्या. कौल जनतेचा आहे आणि तो मानलाच पाहिजे. पण 2021 मध्ये निम्म्याहून कमी मतदार मतदानाला गेले होते, हेही त्याच जनतेचे वर्तन आहे. ज्या निवडणुकीत आपल्या नळाचा, गटाराचा आणि रस्त्याचा निर्णय व्हायचा, तिच्याकडे आपण दिल्लीच्या निवडणुकीची धाकटी बहीण म्हणून पाहतो. उमेदवाराचे नाव न वाचता चिन्हावर बोट ठेवतो. मग तो उमेदवारही आपल्याला ओळखण्याचे कष्ट घेत नाही. त्याची उमेदवारी आपण दिलेली नसते आणि पुढची उमेदवारीही आपल्या हाती नसते.

आणि मग पाऊस येतो.

बडोद्यात ऑगस्टमध्ये दोन आकडे लहान मुलांनाही पाठ असतात. आजव्याची पातळी किती आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री किती फूट. आजवा 212 च्या वर गेला, विश्वामित्री 26 च्या पुढे सरकली की खालच्या मजल्यावरची माणसे गाडी उंचावर लावतात, फ्रिजखाली विटा सरकवतात, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवतात. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस झाला. 2024 च्या ऑगस्टअखेर तर नदीने धोक्याची खूण दहा फुटांहून अधिक मागे टाकली. समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा इथली घरे दिवसचे दिवस पाण्यात राहिली. वीज नाही, दूध नाही, सोसायटीच्या फाटकात मगर. पाणी ओसरल्यावर वस्त्यांत आलेल्या लोकप्रतिनिधींना लोकांनी धारेवर धरले, काही ठिकाणी परतही पाठवले.

तो राग आम्हाला रास्त वाटतो. त्याच वेळी त्या संतापाच्या पुढे उभ्या असलेल्या नगरसेवकाच्या हातात काय होते, हेही पाहिले पाहिजे. आजव्याच्या 62 दरवाजांची पातळी किती राखायची यात त्याचे मत विचारले गेले नव्हते. नदीकाठी बांधकामाला परवानगी देताना काही ठिकाणी महापालिका होती, काही ठिकाणी शहरी विकास प्राधिकरण, ज्याच्या खुर्चीवर मतदार कुणाला बसवत नाही. पाटबंधारे खाते वेगळे, कलेक्टर कचेरी वेगळी. निझामपुरा, समा भागातून वाहणारी भूखी काँस कुठे अरुंद झाली, कुठे झाकली गेली आणि कुठे वळवली गेली, हे तिथल्या रहिवाशांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या या काँसांवर शहराचा जीव टांगलेला आहे. त्यांतल्या प्रत्येक वळणाच्या मागे एक कागद आहे, कागदावर सही आहे, आणि कुठल्यातरी सभेत तो कागद विषयपत्रिकेवर येऊन काही मिनिटांत मंजूर झालेला आहे. त्या सभेत काँसेच्या काठचा एक रहिवासी उठून बोलू शकला असता, तर त्याने सांगितले असते की पाणी कुठून येते. त्याला तशी जागाच नव्हती.

हरणी तलावाची गोष्ट लिहिताना आजही हात जड होतो. 18 जानेवारी 2024 रोजी सहलीला आलेली 12 मुले आणि 2 शिक्षिका बोट उलटून गेली. तलाव महापालिकेचा, चालवायला दिलेला खासगी कंपनीला, कंत्राट 2017 चे. उच्च न्यायालयाने त्या कंत्राटाच्या मंजुरीवर कडक ताशेरे ओढले आणि तेव्हाच्या अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचा प्रश्न उभा केला. न्यायालयाला जे घटनेनंतर विचारावे लागले, ते सभागृहाने कंत्राट देतानाच विचारायचे असते. किती माणसे बोटीत बसवायची, लाइफ जॅकेट किती, तपासणी कोण करणार, करार मोडला तर काय. हे प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही, लेकुरवाळी कुठलीही बाई ते विचारेल. नगरसेवकाचे खरे काम तेवढेच आहे आणि ते फार मोठे आहे.

शहराबाहेर, पादरा तालुक्यातल्या गंभीरा पुलाने तर याची दुसरी बाजू दाखवली. 9 जुलै 2025 च्या सकाळी महीसागरवरचा तो पूल कोसळला आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्या भागातल्या जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने 2022 मध्येच बांधकाम खात्याला पत्र लिहून पूल धोक्याचा असल्याचे कळवले होते. म्हणजे प्रतिनिधी जागा होता, त्याने आपले काम केले होते, लेखी केले होते. पूल तरी पडला. सर्वांत खालच्या पायरीवरच्या प्रतिनिधीचे पत्र वरच्या कचेरीत ज्या वजनाने वाचले जाते, त्या वजनातच त्या भागातल्या माणसांच्या जिवाची किंमत ठरते. त्या सदस्याची आठवण बडोद्याने ठेवायला हवी. नगरसेवकांची टिंगल करणे हा आपल्याकडे गप्पांचा आवडता विषय झाला असताना तर विशेषच.

जगात दुसरीकडे हे कसे चालते? अमेरिकेत मिशिगन राज्यात बरोडा नावाचे एक गाव आहे, आपल्याच शहरावरून नाव घेतलेले. वस्ती हजाराच्या आत, आपल्या एका मोठ्या सोसायटीएवढी. गावाचा अध्यक्ष आणि मूठभर सदस्य गावकरी स्वतः निवडतात. एवढ्याशा गावाशी आपली तुलना करू नये, हे खरे. पण मिशिगनचा 1976 चा खुल्या बैठकांचा कायदा त्या गावाला लागू आहे तसाच डेट्रॉइटसारख्या महानगरालाही लागू आहे. निवडलेल्या मंडळाची बैठक लोकांसमोर झाली पाहिजे, तिची आगाऊ सूचना लागली पाहिजे आणि आलेल्या नागरिकाला त्या बैठकीत बोलण्याची संधी मिळाली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. माणूस उठतो, आपले नाव सांगतो, दोनतीन मिनिटे बोलतो, ते इतिवृत्तात येते. त्याचे म्हणणे मान्य होईलच असे नाही. पण उद्या पूल पडला किंवा नाला तुंबला, तर कुणी कधी काय सांगितले होते ते कागदावर असते.

आपल्या घटनेने याची तरतूद केलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1 जून 1993 पासून अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असल्या पाहिजेत असे सांगितले. त्या कशा घडवायच्या आणि त्यांना काय अधिकार द्यायचे हे राज्यांवर सोपवले आणि तिथेच गाडे रुतले. फतेहपुऱ्यातल्या, वाडीतल्या किंवा गोत्रीतल्या माणसाला विचारा, तुमच्या प्रभागाची समिती कुठे बसते, कधी बसते? तो गोंधळून जाईल. केरळने वॉर्डाच्या पातळीवर लोकांना बसवून योजना ठरवण्याचा प्रयोग 1996 पासून नेटाने केला. तिथली शहरेही पुरात बुडाली, तिथेही चुका झाल्या. पण कुठल्या पाड्यात कोण एकटे राहते, कुणाकडे होडी आहे, हे सांगणारी माणसे कार्यालयात बसलेली होती.

निवडणूक वेळेवर होणे ही पहिली अट आहे, हे शेजारच्या महाराष्ट्राने पुरते भोगले. मुंबईत मार्च 2022 पासून सभागृह नव्हते, पुण्यातही नव्हते. प्रशासकाच्या हाती जवळपास चार वर्षे कारभार राहिला आणि अखेर 15 जानेवारी 2026 रोजी 29 महापालिकांचे मतदान झाले. त्या काळात दादरच्या किंवा कोथरूडच्या आपल्या नातेवाइकांना पाइप फुटल्यावर फोन कुणाला करायचा हे कळत नव्हते. बडोद्यात असा काळ येऊ नये, आणि थोडाबहुत आलाच तर तो लांबू नये, यासाठी आवाज आताच उठला पाहिजे. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याला परत पाठवण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो.

बडोद्याच्या मराठी माणसांशी या निमित्ताने मोकळेपणाने बोलले पाहिजे. निवडणूक जवळ आली की आपल्यात एकच चर्चा रंगते, मराठी उमेदवार किती दिले. ती चर्चा गैर नाही. गायकवाडांबरोबर आलेली, रावपुरा, दांडिया बाजार, नवापुरा, बाबाजीपुरा इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही माणसे या शहराची घडण आहेत, आणि सभागृहात त्यांचे नाव दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे. पण आडनाव मराठी म्हणून नगरसेवक आपला, असे म्हणून थांबलो तर आपण स्वतःवरच अन्याय करतो. जुन्या शहरातल्या वाड्यांची पडझड, अरुंद गल्लीत अग्निशामक गाडी न शिरणे, जुनाट जलवाहिन्या, मराठी माध्यमाच्या शाळांची उतरती पटसंख्या, या गोष्टींवर सभागृहात कुणी तोंड उघडले याचा हिशेब आपण ठेवतो का? एखाद्या गुजराती बेनने तो प्रश्न लावून धरला असेल तर ती आपली प्रतिनिधी आहे. 2018 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले, तेव्हा संस्था, मंडळे, कार्यकर्ते किती उमेदीने एकत्र आले होते ते साऱ्यांनी पाहिले. एवढी संघटना ज्यांच्यात आहे, त्यांना वॉर्डाची एक बैठक घेता येणार नाही असे आम्हाला वाटत नाही.

तेव्हा सुरुवात तिथूनच व्हावी. राज्य सरकार कायदा बदलेल तेव्हा बदलेल. त्यासाठी मागणी जोरात करत राहू, प्रभाग समित्यांना खरा अधिकार आणि सामान्य सभेत नागरिकाला बोलण्याची वेळ, या दोन मागण्या प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात याव्यात. तोवर वॉर्डातल्या गणेशोत्सव मंडळांनी, महिला मंडळांनी, सोसायट्यांच्या कमिट्यांनी मिळून सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवावे. निवडून आल्यावर चारही जणांनी महिन्यातून एक संध्याकाळ वॉर्ड ऑफिसात एकत्र बसावे, कुठली गल्ली कुणाची ते भिंतीवर लिहून लावावे, स्थायी समितीपुढे वॉर्डाचा जो विषय येणार असेल तो आठ दिवस आधी वाचून दाखवावा आणि लोकांनी सांगितलेले वहीत उतरवावे. वही दोघांकडे राहावी, एक नगरसेवकांकडे आणि एक मंडळाकडे. पहिली बैठक पावसाआधी, मेमध्ये, काँस साफ होण्याच्या दिवसांत घ्यावी. ठिकाण सभागृहाऐवजी काँसेच्या काठचे असावे, सोबत ड्रेनेज खात्याचा इंजिनिअर आणि कंत्राटदार असावा, आणि 2024 मध्ये पाणी कुठवर आले होते ते तिथल्या रहिवाशांनी भिंतीवरच्या खुणेवर हात ठेवून त्यांना दाखवावे.